शेजारी कोण, हे कोण ठरवणार?

चंद्रपूर-गडचिरोलीला समुद्र नाही. वर्धा आहे, वैनगंगा आहे, प्राणहिता आहे, इंद्रावती आहे. पण जहाज लागेल असे पाणी कुठेच नाही. तरीही आज आम्ही या स्तंभात बंदराविषयी लिहिणार आहोत. वाचक म्हणतील, यांना झाले तरी काय? इथे उन्हाळ्यात टँकर येईना आणि हे जहाजाच्या गोष्टी सांगायला निघाले! पण थोडे थांबा. बंदर म्हणजे शेवटी काय? बाहेरून आलेला माल उतरवायचा, त्याचे ढीग लावायचे, ते पुन्हा भरायचे आणि पुढे पाठवायचे. एवढाच बंदराचा धंदा. मग घुग्घुस, माजरी, ताडाळी, बल्लारपूर, राजुरा या पट्ट्यात रात्रंदिवस दुसरे काय चालले आहे? खाणीतून डंपर निघतो, सायडिंगवर कोळसा पडतो, पेलोडर तो वॅगनमध्ये भरतो आणि रॅक निघून जातो. कोणाचा कोळसा आमच्याच उरावरच्या औष्णिक वीज केंद्रात जातो, कोणाचा परराज्यात. तिकडे गडचिरोलीत सुरजागडच्या डोंगरातून लोहखनिज निघते आणि ते खाली पाठवण्याचा खटाटोप चालतो. ही सगळी कोरडी बंदरेच आहेत. फरक एवढाच की समुद्राच्या बंदराला कुंपण असते, फाटक असते, बंदर प्रशासन नावाचा कोणीतरी जबाबदार असतो. आमच्या बंदराला कुंपण नाही. ते गावाच्या मधून वाहते.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही एका कोळसा सायडिंगला लागून असलेल्या वस्तीत गेलो होतो. वस्ती आपलीच. कार्यक्रम विहारात होता. विहाराच्या दारात बाबासाहेबांचा अर्धपुतळा काचेच्या पेटीत ठेवला आहे. आम्ही कार्यकर्त्यांना विचारले, पेटी कशासाठी? विटंबनेची भीती आहे का? तसे असेल तर समजण्यासारखे होते. पण उत्तर वेगळेच आले. "विटंबना नाही साहेब, धूळ. सकाळी पुसला की दुपारपर्यंत काळा पडते. पोरं रोज पुसून थकले, म्हणून काच लावली. आता काच पुसतो." विहारावरच्या पंचशील ध्वजातला पांढरा पट्टा राखाडी झाला होता. जेवायला एका घरी बसलो, तर वाढलेल्या ताटावर दुसरे ताट पालथे घातलेले. घरची माय म्हणाली, "झाकण काढलं की लगेच जेवा भाऊ, नाहीतर भाजीले काजळाचा तडका बसते." सगळे हसले. आम्हीही हसलो. पण परतताना गाडीत कोणी बोलले नाही.

त्या घरात कपडे वाळत घालायची दोरी घरातच बांधली होती, अंगणात नाही. रात्री रॅक भरायला लागला की पेलोडर मागे येताना जी पी-पी वाजते, ती पहाटेपर्यंत चालते, दहावीतली मुलगी त्यामुळे दुसऱ्या टोकाला मावशीच्या घरी झोपायला जाते. ढिगातल्या कोळशाला आपोआप आग लागते हे बाहेरच्या माणसाला खरे वाटत नाही. पण जास्त दिवस पडून राहिलेला कोळसा आतून तापतो, धुमसतो आणि त्याचा वास रात्रीच्या थंड हवेत जमिनीलगत पसरतो. या वस्तीला तो वास घड्याळासारखा माहीत आहे. याला शासनाच्या कागदात 'किरकोळ उपद्रव' म्हणतात. किरकोळ कोणासाठी?

आता खरोखरच्या बंदरात काय करतात ते पाहू. यात कोणतेही गुपित नाही. जहाजातून कोळसा उचलणारा पंजा जितक्या उंचावरून माल सोडतो तितकी धूळ जास्त उडते, म्हणून पंजा खाली आणूनच उघडायचा. त्याखालच्या नरसाळ्याला पाण्याचा बारीक फवारा असतो. तिथून माल ढिगापर्यंत नेणारा पट्टा उघडा नसतो, वरून आणि बाजूंनी झाकलेला असतो. ढिगाच्या उंचीला मर्यादा असते, कारण उंच ढिगाच्या शेंड्याला वारा लागतो. ढिगावर ठरल्या वेळी पाणी मारतात, कधी पृष्ठभागावर पापडी धरेल असे मिश्रण मारतात. वाऱ्याच्या बाजूला उंच जाळीची भिंत उभारतात. वारा ठरावीक वेगापलीकडे गेला की काम थांबवतात. ट्रक बाहेर पडताना पाण्याच्या हौदातून जातो, चाके धुतली जातात, ताडपत्री बांधली आहे की नाही ते फाटकावर पाहतात आणि बांधलेली नसेल तर बाहेर सोडत नाहीत. बाहेरचा रस्ता झाडणारी यंत्रगाडी असते. ट्रकना वेळ ठरवून देतात, म्हणजे त्यांची रांग वस्तीच्या रस्त्यावर लागत नाही. रात्रीचे दिवे खाली वळवलेले असतात. हवा मोजणारे यंत्र कुंपणावर बसवतात आणि त्याचा आकडा शेजाऱ्याला पाहता येतो. तक्रारीसाठी एक क्रमांक असतो. तक्रार आली तर नोंद होते आणि उत्तर द्यावे लागते.

सगळ्याच बंदरांत हे सगळे होते असा आमचा भाबडा समज नाही. पण यातले काय महाग आहे, सांगा! ताडपत्री? पाण्याचा हौद? झाडू? ज्या उद्योगाला डोंगर फोडता येतो त्याला चाक धुता येत नाही, हे आम्ही कसे मान्य करावे? खाणीपासून सायडिंगपर्यंत ट्रकने कोळसा नेणे हाच दोष आहे, हे सरकारलाही ठाऊक आहे. केंद्राच्या कोळसा मंत्रालयाने 'फर्स्ट माइल कनेक्टिव्हिटी' या नावाखाली झाकलेले पट्टे आणि सायलो बांधून वॅगन यंत्राने भरायच्या योजना आखल्या, त्या यासाठीच. म्हणजे उपाय माहीत नाही, ही सबब उरलेली नाही.

तेव्हा प्रश्न तंत्राचा नाही. प्रश्न असा आहे की बंदर हे सगळे करते तेव्हा का करते? त्याला दया येते म्हणून नाही. शेजारी भांडतो म्हणून करते. अमेरिकेत लॉस एंजेलिस बंदराने एका जहाज कंपनीसाठी नवा धक्का बांधायला घेतला, तेव्हा लगतच्या सॅन पेड्रोचे रहिवासी २००१ साली पर्यावरण संघटनांसह कोर्टात गेले. २००३ मध्ये समझोता झाला आणि बंदराला सुमारे पाच कोटी डॉलर प्रदूषण कमी करण्यासाठी मोजावे लागले. २००४ मध्ये त्या धक्क्यावर जहाजाला किनाऱ्यावरून वीज देण्याची सोय झाली, म्हणजे धक्क्याला लागलेले जहाज आपले डिझेल इंजिन बंद ठेवू शकेल. धडा इथे संपत नाही. पुढे २०१५ साली उघड झाले की ठरलेल्या अटींपैकी बऱ्याच अटी बंदराने पाळल्याच नव्हत्या. रहिवासी पुन्हा उभे राहिले. अट लिहून घेणे हे अर्धे काम. ती मोजत बसणे हे उरलेले अर्धे. आपली चळवळ पहिल्या अर्ध्यात हुशार आहे. निवेदन देतो, फोटो काढतो, दैनिकात बातमी येते. दुसऱ्या अर्ध्याला माणसे मिळत नाहीत.

आपल्याच देशातले उदाहरण घ्या. चेन्नई बंदराला लागून रायपुरमसारख्या दाट वस्त्या आहेत. कोळसा आणि लोहखनिजाची धूळ तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षे खाल्ली. अखेर २०११ साली मद्रास उच्च न्यायालयाने चेन्नई बंदरात कोळसा आणि लोहखनिज हाताळणे बंद करण्याचा आदेश दिला आणि तो माल उत्तरेला एन्नोर बंदराकडे वळवला. चेन्नईकरांना आनंद झाला आणि तो रास्तच होता. पण एन्नोरला कोण राहते? मच्छीमार राहतात, कष्टकरी राहतात, दलित राहतात. तिथे आधीच औष्णिक वीज केंद्रे होती, खाडीत राख होती. शहराच्या छातीवरची धूळ उचलली आणि शहराच्या पायाशी टाकली.

हे वाचताना आपल्या लोकांना काही आठवते का? आम्हाला आठवते. गावकूस आठवते. गावाची घाण कुठे टाकायची, मेलेले ढोर कुठे ओढायचे, मसणवट कुठल्या दिशेला, वारा कुठून कुठे वाहतो, हे सगळे गावाने हजारो वर्षे विचार करून ठरवले होते. त्या विचारात आमची वस्ती नेमकी वाऱ्याच्या खालच्या बाजूला येत असे. हा योगायोग नव्हता. आज गावकुसाच्या जागी नकाशा आला आहे. नकाशावर अभियंता रेघ मारतो: सायडिंग इथे, राखेचे तळे तिथे, ट्रकचा वळणरस्ता असा. मोठ्या जमीनमालकाच्या वावरातून रेघ गेली तर तो आमदाराकडे जातो, रेघ सरकते. सरकत सरकत ती जिथे थांबते तिथे आमची किंवा आदिवासी बांधवाची घरे असतात. अभियंत्याच्या मनात जात असते असे आम्ही म्हणत नाही. ती असण्याची गरजच नाही. ज्याचा आवाज नाही त्याच्याकडे रेघ आपोआप घसरते.

चंद्रपूरची हवा कशी आहे हे सांगायला आमची गरज नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळाले आणि देशात चौथा क्रमांक लागला. सत्तरच्या वर म्हणजे अतिप्रदूषित. बाकी कुठल्या परीक्षेत आमचा जिल्हा देशात चौथा येतो? जानेवारी २०१० मध्ये केंद्राने अशा पट्ट्यांत नव्या प्रकल्पांना काही काळ मनाई केली. मनाई होती तोवर नवी धुराडी थांबली असतील, पण ताडपत्री नसलेले डंपर तेव्हाही थांबले नव्हते. निर्देशांक धुराड्याकडे पाहतो. शेजाऱ्याला मात्र धुराड्यापेक्षा दारासमोरून जाणारे चाक जास्त छळते.

आता गडचिरोलीकडे वळू. सुरजागडचा डोंगर एटापल्ली तालुक्यात आहे. माडिया-गोंड समाजासाठी ते ठाकूरदेवाचे ठाणे आहे आणि दर वर्षी तिथे यात्रा भरते. २००७ साली या डोंगरावर लॉइड्स मेटल्स कंपनीला सुमारे ३४८ हेक्टरचा खाणपट्टा मिळाला. मधली वर्षे हिंसेत गेली. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी तिथे उभे असलेले कित्येक ट्रक जाळले. आम्ही बंदुकीच्या बाजूने कधीच नव्हतो, आजही नाही. बाबासाहेबांनी संविधान दिले ते बंदुकीची गरज पडू नये म्हणून. पण या धुमश्चक्रीत एक गोष्ट हरवली. एका बाजूला बंदूक आणि दुसऱ्या बाजूला बंदोबस्त असला की रस्त्याकाठचा माणूस 'तुमच्या ट्रकची धूळ माझ्या धानावर बसते' एवढे साधे वाक्यही बोलू शकत नाही. बोलला तर कोणाच्या बाजूने बोलला, याची चौकशी आधी होते.

२०२१ पासून खाण जोरात सुरू झाली आणि एटापल्ली, आलापल्ली, आष्टी या रस्त्यावर लोहखनिजाचे ट्रक धावू लागले. रस्ता जंगलातून जातो, तो अशा ओझ्यासाठी बांधलेला नव्हता. पावसाळ्यात लाल चिखल, उन्हाळ्यात लाल धूळ. आम्ही आलापल्लीहून आष्टीकडे एसटीने आलो तेव्हा चालकाने खिडक्या लावून घ्यायला सांगितले. मे महिन्यात, बंद खिडक्यांच्या बसमध्ये! रस्त्याकाठच्या झाडांची पाने एका ठरावीक उंचीपर्यंत तांबडी होती आणि त्यावर हिरवी. ट्रकची उंची झाडांवर लिहिली होती. या रस्त्यावर अपघात झाले, माणसे गेली, लोकांनी रस्ते अडवले, हे वृत्तपत्रांतून वाचकांनी वाचलेच आहे.

खाणीची क्षमता वर्षाला ३० लाख टनांवरून एक कोटी टनांवर न्यायची होती, तेव्हा कायद्याप्रमाणे जनसुनावणी घ्यावी लागली. ती ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली. कुठे? गडचिरोलीत, जिल्ह्याच्या मुख्यालयी. खाणीपासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर. २००६ ची पर्यावरण अधिसूचना सांगते की सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा तिच्या अगदी जवळ घ्यावी. प्रशासनाने सुरक्षेचे कारण दिले. मानू या की कारण खरे होते. पण मग सुनावणी दूर नेली तर गावकऱ्यांना गाड्या करून न्यायला हवे होते, त्यांच्या माडिया भाषेत समजावून सांगायला हवे होते, एका दिवसात न आटपता चार दिवस थांबायला हवे होते. २०२३ मध्ये वाढीव क्षमतेला मंजुरी मिळाली.

याच्या शेजारी गोव्याचे चित्र ठेवा. मुरगाव बंदरातल्या कोळशाची धूळ वास्को शहरावर पडते ही तिथली जुनी तक्रार. बंदराच्या विस्ताराच्या प्रकल्पांवर २०१७ च्या एप्रिल-मे महिन्यांत जनसुनावणी झाली ती वास्कोतच, धूळ पडते तिथे. ती एका दिवसात संपली नाही. कित्येक दिवस चालली. मच्छीमार आले, डॉक्टर आले, शिक्षक आले, गृहिणी आल्या आणि एकामागून एक बोलत राहिल्या. त्यामुळे कोळसा लगेच थांबला असे नाही. तो वाद पुढेही चालूच राहिला. पण वास्कोच्या माणसाने आपले म्हणणे स्वतःच्या शहरात, स्वतःच्या भाषेत सरकारी कागदावर चढवले. कोर्टात जाताना तो कागद कामी येतो. एटापल्लीच्या माणसाकडे असा कागद नाही. वास्कोचा माणूस शेजारी ठरला, एटापल्लीचा ठरला नाही. दोघेही एकाच देशाचे नागरिक.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. जुलै २०२५ मध्ये हेडरी ते कोनसरी अशी सुमारे ८५ किलोमीटरची नळवाहिनी सुरू झाली. लोहखनिजाची भुकटी पाण्यात कालवून ती नळातून कोनसरीच्या कारखान्याकडे जाते. जेवढे खनिज नळातून जाईल तेवढे ट्रक रस्त्यावरून कमी होतील, हे चांगलेच आहे. पाण्याचा प्रश्न वेगळा, त्यावर पुन्हा कधी लिहू. पण या नळाने एक गोष्ट सिद्ध केली: जे 'अशक्य' म्हणून सांगितले जात होते ते शक्य होते. मग नळाआधीच्या वर्षांत ज्यांच्या धानावर धूळ बसली, ज्यांची लेकरे त्या रस्त्याने शाळेत गेली, त्यांचा हिशेब कोण करणार? नळ आला म्हणून जुनी उधारी फिटत नाही.

आता आपल्याच घरातून येणारा आक्षेप. आमचे काही तरुण म्हणतात, "तुम्ही शहरातले लोक लिहून मोकळे होता. आमची पोटे या डंपरवर चालतात. सायडिंग बंद पडली तर आम्ही पुण्याला जाऊन वॉचमन व्हायचे का?" हा आक्षेप खोटा नाही. ज्या वस्तीत पुतळ्याला काच लावली आहे त्याच वस्तीतले निम्मे तरुण सायडिंगवर कामाला आहेत. आम्ही सायडिंग बंद करा म्हणतच नाही. बंदर बंद करून कोणी शेजाऱ्याचा त्रास कमी करत नाही. बंदर नीट चालवून करतो. उलट ताडपत्री बांधायला, पाणी मारायला, चाके धुवायला, फाटकावर तपासायला माणसे लागतात. ती कामे वस्तीतल्याच तरुणांना द्या! रोजगार की श्वास, ही निवड आमच्यापुढे ठेवणारा आमचा हितचिंतक असू शकत नाही.

या बाबतीत बाबासाहेबांनी काय केले ते आठवा. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले. कागद दिल्लीत मागवून सही करता आली असती, पण ते खाली गेले. त्यानंतर १९४४ मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर टनामागे उपकर आणि त्या पैशातून कामगाराचे आरोग्य, घर, पाणी, शिक्षण. विचार साधा होता: जो टन बाहेर जातो, त्याने जाण्याआधी ज्याच्या अंगावर तो उमटला त्याचे देणे फेडावे. तेव्हा ते देणे खाणीत उतरणाऱ्या मजुराचे होते. तेच तत्त्व पुढे नेले तर खाणीच्या आणि रस्त्याच्या शेजाऱ्याचेही आहे.

आणि ते कायद्यात आले आहे! २०१५ साली खनिज कायद्यात दुरुस्ती होऊन प्रत्येक खाण जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन करायचे ठरले. जुन्या खाणपट्ट्यांकडून स्वामित्वधनाच्या ३० टक्के, नंतर लिलावाने दिलेल्या पट्ट्यांकडून १० टक्के रक्कम या निधीत येते. २०१५ च्या प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेने प्रत्यक्ष बाधित क्षेत्र कोणते हे सांगताना खोदकाम, स्फोट, माती-दगडाचे ढीग यांच्याबरोबर वाहतुकीचे मार्गही गणले. वाचकांनी हे वाक्य अधोरेखित करावे. म्हणजे ज्याच्या दारावरून खनिजाचा ट्रक जातो तोही बाधित. त्याला शेजारी म्हणायला कायदा तयार आहे. आमच्या किती ग्रामसभांनी, किती नगरसेवकांनी हे वाक्य जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या बैठकीत वाचून दाखवले? सभागृह, कमान, सिमेंट रस्ता यांचे प्रस्ताव पटकन जातात. धुळीने खोकणाऱ्या वस्तीत वर्षातून दोनदा फुप्फुसांची तपासणी व्हावी, असा प्रस्ताव कोणी दिला? कमानीवर नाव कोरता येते, तपासणीवर येत नाही, एवढेच कारण असावे.

दुसरे हत्यार जुने आहे, गंज चढलेला आहे, पण धार शाबूत आहे. मध्य प्रदेशातल्या रतलाम शहरात एका वॉर्डातले लोक उघड्या गटारांना आणि दारूच्या कारखान्याच्या सांडपाण्याला कंटाळून दंडाधिकाऱ्याकडे गेले. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १३३, सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश. नगरपालिका म्हणाली, पैसे नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८० साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या पीठाने पैशाची सबब फेटाळून लावली. ते कलम आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १५२ क्रमांकाने आले आहे. त्यासाठी मुंबईचा वकील लागत नाही. उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करायचा असतो. मात्र अर्जात 'प्रचंड प्रदूषण' असे लिहून भागत नाही. कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या क्रमांकाचा ट्रक ताडपत्रीविना गेला, हे लिहावे लागते.

तिसरे म्हणजे संमतीपत्र. प्रत्येक सायडिंगला, प्रत्येक कोळसा साठ्याला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून संमतीपत्र घ्यावे लागते आणि त्यात अटी लिहिलेल्या असतात. ज्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी लागते त्यांनी अटी पाळल्याचा अहवाल दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. हे अहवाल सार्वजनिक कागद आहेत, माहितीच्या अधिकारात मागता येतात. आम्ही ज्या वस्तीत गेलो होतो तिथल्या एका बी.ए. झालेल्या मुलीने असे एक संमतीपत्र मिळवून विहारात मोठ्याने वाचून दाखवले. त्यात पाण्याचा फवारा होता, झाडांचा पट्टा होता, ताडपत्री होती, चाके धुण्याची सोय होती. ऐकणाऱ्या बायका आधी गंभीर होत्या. चाके धुण्याचे ऐकले तेव्हा त्या हसू लागल्या. त्यांना वाटले, दुसऱ्या कुठल्या गावाचा कागद आला.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेब चंद्रपूरला आले आणि त्यांनी इथल्या लोकांना धम्मदीक्षा दिली. दर वर्षी त्या दिवशी दीक्षाभूमीवर जनसागर लोटतो. घुग्घुसहून, राजुऱ्याहून, माजरीहून, आष्टीहून लोक येतात. पांढरे कपडे घालून निघतात आणि त्यातले कित्येक जण याच रस्त्यांवरून येतात. आम्ही कार्यकर्त्यांना एवढेच सुचवले की या वर्षी निघण्याआधी तुमच्या कोपऱ्यावर दोन तास उभे राहा.

परवा त्या वस्तीतून फोन आला. विहारातल्या मुलांनी दोनशे पानी वही आणली आहे. पहिल्या पानावर चार रकाने आखले आहेत: तारीख, वेळ, गाडीचा क्रमांक, ताडपत्री होती की नव्हती. सकाळची पाळी मुलांची, संध्याकाळची बायकांची. पाचवा रकाना कशाचा ठेवायचा यावर वाद चालू आहे. मुले म्हणतात, ट्रकमालकाचे नाव लिहू. ज्या मायने आम्हाला ताट झाकून जेवू घातले ती म्हणते, वाऱ्याची दिशा लिहा.